कसब्याचे पाणी : हौद, आड आणि पाणवठ्याचा हक्क

पुण्याचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा वाड्यांपासून प्रारंभ करतात. कोणी कोणता वाडा बांधला, त्यात किती चौक होते, कोणत्या दिवाणखान्यात कोणती मसलत झाली, हे सारे तपशीलवार लिहिलेले असते. त्या चौकांतून राहणारी माणसे पाणी कोठून आणीत आणि उन्हाळ्यात ते आटले म्हणजे काय करीत, हा विषय मात्र एखाद्या परिच्छेदात संपतो. प्रस्तुत लेखात आम्ही हा क्रम उलटा करणार आहोत. कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती असल्याने तेथील पाण्याचा विचार म्हणजे या शहराच्या पाण्याचा मुळापासून विचार होय.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते २०१६ च्या उन्हाळ्याने. आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. खडकवासला साखळीतील धरणे पुरेशी भरली नाहीत आणि सप्टेंबर २०१५ पासून पुणे शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. पुढचा संपूर्ण उन्हाळा त्याच हिशेबाने काढावा लागला. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आली. त्याच महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची १२५ वी जयंती साजरी झाली. ज्या महापुरुषाने पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्याच्या जयंतीच्या दिवशी महाराष्ट्र पाण्याच्या गाडीची वाट पाहत होता.

त्या दिवसांत कसब्याच्या गल्ल्यांतून आम्ही हिंडलो. जुन्या वाड्यांत एका नळावर अनेक बिऱ्हाडे अवलंबून असत. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून पिंपे, हंडे, बादल्या, अगदी पातेल्यांपर्यंत सारे भरून ठेवले जाई. कपडे विसळलेले पाणी अंगण धुण्यास आणि भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना, असा काटकसरीचा क्रम गृहिणींनी आपणहून लावून घेतला होता. परंतु एक गोष्ट आम्हांस विलक्षण वाटली. तिसऱ्या दिवशी नळ आला की, काही घरांतून आधीच्या साठ्यातील उरलेले पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओतून दिले जाई. दुष्काळात, एकीकडे थेंब थेंब राखणारी माणसे दुसरीकडे घागरीच्या घागरी रित्या करीत होती. धरणात तेच पाणी महिनोन् महिने साठलेले असते. तेथे ते शिळे होत नाही, घरच्या पिंपात झाकून ठेवले की एका रात्रीत मात्र शिळे होते, ही समजूत कोठून आली? आमच्या मते ती विटाळाच्या कल्पनेची सख्खी बहीण आहे. पाण्याच्या अंगी डोळ्यांना न दिसणारा असा काही दोष शिरतो, तो उकळून वा गाळून जात नाही, टाकून दिल्यानेच जातो, अशी ती धारणा आहे. जो समाज शतकानुशतके माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानत आला, त्याच्या मनात पाण्याविषयी आणखीही अनेक भुते दडलेली असणार.

आता मूळ विषयाकडे वळू. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचा 'पुण्य' अथवा 'पुनक' विषय म्हणून उल्लेख येतो. मुठेच्या उजव्या काठावर, पूर्वेस नागझरीचा ओढा, अशा जागी हे मूळ गाव वसले. आमचे काही उत्साही मित्र या नावावरून आणि जवळच्या पाताळेश्वराच्या लेण्यावरून प्राचीन पुणे हे बौद्ध नगर होते असे प्रतिपादन करतात. पाताळेश्वर हे शैव लेणे आहे. बौद्ध वारसा सिद्ध करण्यासाठी ज्या पुराव्यांची आवश्यकता आहे ते पुणे जिल्ह्यात भाजे, बेडसे, कार्ले, शेलारवाडी आणि जुन्नर येथे डोंगरभर कोरलेले असताना, दुसऱ्याच्या लेण्यावर हक्क सांगण्याचे आपल्याला प्रयोजन नाही. त्या पुराव्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

नदी, ओढा आणि घरोघरचे आड यांवर कसब्याची तहान भागत होती. अठराव्या शतकात पुणे पेशव्यांची राजधानी झाले, नव्या पेठा वसल्या, आणि हे पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बंधारे घालून तलाव बांधण्यात आला आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगड-चुन्याचा भुयारी नळ आणण्यात आला. हे काम स्थापत्याच्या दृष्टीने निःसंशय श्रेष्ठ होते. पाणी कोठेही उपसावे लागत नव्हते. कात्रजची जमीन उंच, शहर सखल, या उतारावरच ते कोसन् कोस वाहत येई. वाटेत गाळ खाली बसावा म्हणून कुंडे केली होती आणि नळात हवा कोंडू नये म्हणून ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले होते. नळाचे भुयार एवढे मोठे की माणूस आत उतरून ते साफ करू शकत असे. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुन्या जलवाहिनीचे भुयार अचानक उघडे पडले, तेव्हा अनेक पुणेकरांना आपल्या पायांखाली काय आहे याची प्रथमच जाणीव झाली.

या नळाचे पाणी शहरात हौदांमधून मिळत असे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्यांतलीच. पुढे नाना फडणविसांच्या काळात आणखी एक नळ आला आणि नाना हौद, सदाशिव पेठ हौद यांची भर पडली. फडके हौद हा तर कसब्याच्या वेशीवरचा. आज त्या चौकाच्या जवळच भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानक आहे. ते २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाले. चौकाला नाव अद्यापि हौदाचेच आहे.

हौद हे सार्वजनिक बांधकाम होते असे इतिहासकार सांगतात. सार्वजनिक म्हणजे कोणाचे, हा प्रश्न मात्र ते विचारत नाहीत. हौदाची रचनाच ध्यानात घ्यावी. हौदात भांडे बुडवून पाणी घ्यावे लागते. एकाचे भांडे बुडते त्याच पाण्यात दुसऱ्याचे बुडते. ज्या समाजाच्या समजुतीनुसार भांड्यातून, दोरीतून आणि ओल्या दगडातूनसुद्धा विटाळ वाहतो, त्या समाजात बुडवून घेण्याचा पाणवठा हा सर्वांचा असूच शकत नव्हता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून चालताना अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे डॉ. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात नमूद केले आहे. ज्याची थुंकी जमिनीवर पडू देत नव्हते त्याची घागर हौदात पडू देतील काय? आणि याच काळात शनिवारवाड्याच्या आत हजारी कारंजे उडत होते! सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे पाहण्यास आजही लोक जातात. शनिवारवाड्यापर्यंत आलेला नळ कात्रजचाच होता. उन्हाळ्यात कात्रजचा तलाव खाली गेल्यावर पहिली झळ कारंज्याला बसत असे की नागझरीपलीकडच्या वस्तीला, याचे उत्तर देण्यासाठी दप्तरे धुंडाळण्याची गरज नाही.

मडक्याचा विषय निघाला आहे तर कसब्यातील दोन आळ्यांविषयी लिहिलेच पाहिजे. कुंभारवाडा आणि तांबट आळी या दोन्ही याच पेठेत आहेत. एका आळीने माठ, रांजण, डेरे घडवले आणि दुसरीने हंडे, घागरी, बंब, घंगाळी ठोकली. पुण्याच्या पाण्याला आकार दिला तो या कारागिरांनी. तांबटांच्या हातोड्यांचा लयबद्ध ठोका ज्यांनी ऐकला आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल. या दोन प्रकारच्या भांड्यांनाही जातिव्यवस्थेने वेगवेगळा न्याय लावला होता. तांब्या-पितळेचे भांडे 'बाटले' तर घासून, विस्तवावर धरून शुद्ध करता येई. मातीचे भांडे मात्र फोडून टाकावे लागे. गरिबाच्या घरी मातीचेच भांडे असते. म्हणजे विटाळाचा खर्चही गरिबानेच सोसायचा. महाडला चवदार तळे 'शुद्ध' करण्यासाठी १०८ घागरी पाणी उपसून पंचगव्य ओतण्यात आले, तेव्हा अखंड तळे शुद्ध करण्याची ही तांबटी युक्ती पाहून हसावे की रडावे हे त्या काळच्या विचारी माणसांना कळले नसेल.

पुण्यातील पाणवठ्याची ही कोंडी फोडली ती क्रांतिबा जोतीराव फुले यांनी. १८६८ साली त्यांनी गंज पेठेतील आपल्या राहत्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कसब्यापासून हे अंतर पायी सहज चालून जाण्यासारखे आहे. या घटनेचा उल्लेख प्रत्येक चरित्रात येतो, पण तिचा अर्थ पुरेसा उलगडला जात नाही. शहरात हौदांमागून हौद असताना एका माळ्याच्या घरचा खाजगी हौद खुला करावा लागतो, यातच सार्वजनिक हौद सार्वजनिक नव्हते याचा निर्विवाद पुरावा आहे. दुसरे असे की, हौद खुला करणे म्हणजे दानधर्म नव्हे. पाणी ओंजळीत वरून ओतणे हे दान. तसे तर स्पृश्य लोक कधीकधी करीतच असत. स्वतःच्या हाताने, स्वतःचे भांडे बुडवून पाणी घेऊ देणे हा हक्क. जोतीरावांनी हा फरक ओळखला. त्यासाठी स्वजातीयांचा रोष पत्करला. त्या घरात सावित्रीबाईही होत्या. रोजचे पाणी भरणे हे स्त्रियांचे काम असलेल्या त्या काळात या निर्णयाचा दैनंदिन भार कोणी वाहिला असेल हे सांगायला नको.

पुढे १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. १८७७ मध्ये जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे 'व्हिक्टोरिया बालाश्रम' उघडून दुष्काळाने निराधार झालेल्या मुलांच्या अन्नाची सोय केली. धनकवडी कात्रजच्याच वाटेवर आहे. ज्या बाजूने पेशव्यांच्या हौदांना पाणी येत होते, त्याच बाजूला शंभर-सव्वाशे वर्षांनी जोतीरावांना उपाशी मुलांसाठी पंगत मांडावी लागली.

१८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले आणि नळाचे युग सुरू झाले. नळाचे पाणी वाहते असते, त्यात कोणाचे भांडे बुडत नाही, म्हणून नळाने अस्पृश्यता धुऊन काढली असे काही विद्वान मानतात. आम्हांस हे मत अर्धेच मान्य आहे. नळाला तोटी असते आणि तोटीला रांग असते. रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, कोणाच्या वस्तीत किती नळ, हे प्रश्न तोटीने सोडविले नाहीत.

ते न सुटल्याचा दाखला खुद्द बाबासाहेबांच्या बालपणात मिळतो. सुमारे १९०१ ची गोष्ट. वडील सुभेदार रामजी हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्थानकापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. ही मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले मिळेनात, आणि वाटेत पिण्याचे पाणी कोणी देईना. शिदोरी जवळ असून पाण्यावाचून ती घशाखाली उतरेना, अशी रात्र त्या मुलांनी काढली. आपल्या आठवणींत त्यांनीच हा प्रसंग लिहून ठेवला आहे. यातला विदारक विरोध वाचकांच्या लक्षात आलाच असेल. बाप दुष्काळी तलावाच्या पैशांचा हिशेब ठेवतो आहे आणि त्याचे मूल त्याच तलावाच्या वाटेवर तहानलेले आहे! पाणी साठविण्याची योजना एक, आणि ते पाणी कोणी प्यावे याची योजना दुसरी. दोन्हींचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेलाही प्रतिनिधींसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. तळे समोर, ४ ऑगस्ट १९२३ चा बोले ठराव मंजूर, महाडच्या नगरपालिकेचाही १९२४ चा ठराव मंजूर, तरीही पाणी विकतचे! २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले तेव्हा त्या कागदी ठरावांत प्रथम ओल आली. पुढील कज्जा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. दरम्यान दहा उन्हाळे उलटून गेले होते.

पाणवठ्याचा हा निर्दय व्यवहार या भूमीत अनादी नव्हता, याचा पुरावा न्यायालयापुढे मांडायचा असता तर आम्ही सह्याद्रीतील लेण्यांकडे बोट दाखविले असते. प्रत्येक विहारापाशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके असते. शिलालेखांत त्याला 'पोढी' असा शब्द आहे. भाज्याला महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने पोढीचे दान दिल्याचा लेख आहे. बेडशाला महारठिनी सामडिनिका या स्त्रीचे दान टाक्यापाशी कोरलेले आहे. जुन्नरला गतांपैकी इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. नाणेघाटात, जेथून व्यापाऱ्यांचे तांडे चढत, तेथे सोपाऱ्याच्या गोविंददासाने वाटसरूंच्या उपयोगी पडेल असे टाके खोदविले. कान्हेरीला कल्याणच्या एका सोनाराने संघाला पिण्याच्या पाण्याची पोढी दिली. सरदार, स्त्री, परदेशी, व्यापारी, सोनार असे हे दाते आहेत. कोणाच्या हातच्या पैशाने खोदलेले पाणी चालते आणि कोणाच्या नाही, असा भेद या लेखांत कोठेही दिसत नाही.

कान्हेरी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी डोंगरावरच्या पन्हळी आठवून पाहाव्यात. शंभराहून अधिक लेणी असलेल्या त्या डोंगरावर पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पाटांनी टाक्यांत वळविले आहे. पावसाळा चार महिन्यांचा आणि कोरडे महिने आठ. वर्षावासात भिक्खू एका जागी राहत, त्याच महिन्यांत टाकी भरत. उन्हाळ्यात मुक्काम करणाऱ्यांना त्या साठ्यावर निभावावे लागे. भिक्खूंच्या अष्ट परिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके येते, म्हणजे साठवलेले पाणी टाकून न देता गाळून वापरण्याची शिस्त होती. विनयात पिण्याचे पाणी आणि वापरण्याचे पाणी वेगळे ठेवण्याचा नियम आहे. येथे भेद पाण्याच्या उपयोगात आहे, पिणाऱ्याच्या जन्मात नाही.

लहान समूहाने पाणी कसे सांभाळावे याचे सर्वांत सुंदर चित्र आम्हांस अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल या तीन स्थविरांच्या सहवासात आढळते. पिण्याच्या, धुण्याच्या किंवा शौचाच्या पाण्याचे भांडे ज्याला रिते दिसेल त्याने ते भरावे. एकट्याला उचलले नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे आणि दोघांनी मिळून उचलावे, त्यासाठी मौन मोडू नये. पाळी कोणाची, हा प्रश्नच त्यांच्यात उद्भवत नाही. याच्या उलट चित्र कोसंबीच्या कलहात आहे. तो मोठा संघभेद, अट्ठकथेनुसार, शौचकूपातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवण्यावरून पेटला. वाड्यातील नळावर भांडणाऱ्या बिऱ्हाडांना कमी लेखण्याचे आपल्याला कारण नाही! तथागतांच्या हयातीत, खुद्द भिक्खूंमध्ये, तांब्याभर पाण्यावरून असे घडले होते. त्याच कोसंबीत उदेन राजाने आनंदाला विचारले होते की एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय. आनंदाने क्रमाने सांगितले. जुन्या चीवरांची पांघरुणे, त्यांची गाद्यांची आच्छादने, त्यांची जाजमे, त्यांची पायपुसणी, त्यांची झाडणी, आणि अखेर चिंध्या कुटून मातीत कालवून भुई सारवणे. कसब्यातील ज्या गृहिणी विसळलेले पाणी अंगणाला आणि भाज्यांचे पाणी कुंड्यांना देत होत्या, त्यांनी हा संवाद कधी ऐकला नसेल, परंतु त्या आनंदाच्याच परंपरेत होत्या.

आणि रोहिणी नदीचा प्रसंग तर आपल्या वाचकांना परिचित आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्याचा तंटा होता. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून हाच तंटा पुढे आणला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग केला ही पारंपरिक कथा त्यांनी स्वीकारली नाही. एका नदीचे पाणी दोन गावांनी कसे वाटून घ्यावे, हा प्रश्न त्यांच्या मते धम्माच्या उगमाशी आहे. ज्याने महाडला ओंजळ भरली त्यालाच हा अर्थ सुचावा यात नवल नाही. हे केवळ ग्रंथापुरते राहिले नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे महानदीच्या परिषदेत त्यांनी असे मांडले की, अतिपाणी ही आपत्ती मानून ते समुद्रात लोटून देण्याचा विचार चुकीचा आहे. लोकांना पाण्याच्या विपुलतेपेक्षा टंचाईने अधिक सोसावे लागते, म्हणून पाणी अडवून, साठवून, सिंचन, वीज आणि जलवाहतूक या सर्वांसाठी वापरले पाहिजे. आज ज्याला जलसंधारण म्हणतात तो विचार ते स्वातंत्र्यापूर्वी मांडत होते. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आला, तोही ओघानेच.

कसब्याला पाण्याने सर्वांत मोठा धडा दिला तो उन्हाळ्यात नव्हे, ऐन पावसाळ्यात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि मुठेचा लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. कसब्याच्या सखल गल्ल्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर शहरासमोर विचित्र संकट उभे राहिले. चिखलात बुडालेल्या पुण्याला प्यायला पाणी नव्हते. १८७९ पासून ज्या एका धरणावर सारा भार टाकला होता तेच नाहीसे झाले होते. तेव्हा नागरिक पुन्हा आडांकडे, विहिरींकडे आणि पेशवेकालीन हौदांकडे वळले. नळ आल्यावर अडगळ ठरलेल्या विहिरींवर पुन्हा पोहरे पडू लागले. त्या आणीबाणीत घागर कोणाची हे विचारण्याइतकी उसंत कोणाला नव्हती. संकट आले की विटाळ काही काळ रजेवर जातो, ही गोष्ट आम्हांस समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते, कारण त्यावरून विटाळाला पाण्याच्या स्वरूपात काही आधार नाही हे उघड होते. रजा संपल्यावर तो पुन्हा कामावर रुजू होतो, हेही तितकेच खरे.

अकरा वर्षांनी, १९७२ च्या दुष्काळी उन्हाळ्यात, त्याचा प्रत्यय आला. मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे विहिरीच्या पाण्यावरून बौद्ध स्त्रियांची विटंबना करण्यात आली. त्याच वर्षी आपल्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातील बावडा येथे बौद्धांवर गावाने बहिष्कार टाकला. अशा घटनांच्या संतापातून मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. दुष्काळाचा इतिहास लिहिणारे १९७२ विषयी सुकडी, खडी फोडणे आणि रोजगार हमी यांचे वर्णन करतात. ते यथार्थच आहे. ब्राह्मणगावच्या विहिरीचा उल्लेख मात्र त्या इतिहासात क्वचितच येतो, तो चळवळीच्या इतिहासात वेगळा ठेवला जातो. आमचा आग्रह असा की, हे दोन्ही एकाच इतिहासाचे प्रकरण आहे. पाणी किती उरले आणि ते कोणाला मिळाले, ही दोन टिपणे एकाच वहीत असली पाहिजेत.

२०१६ मध्ये कसब्यात आम्ही ज्या वाड्यांत गेलो त्यांपैकी काहींच्या चौकात आड होते. बहुतेकांवर फरशी घातलेली, एखाद्यावर तुळशीवृंदावन, एकावर मोटारसायकल उभी केलेली. आत पाणी आहे काय असे विचारता वृद्ध रहिवासी म्हणत की असणारच, पुराच्या साली आम्ही तेच प्यालो. मग ते उपसून निदान धुण्याभांड्यांना का वापरत नाही, असे विचारल्यावर निरनिराळी उत्तरे मिळत. गाळ काढायला माणूस मिळत नाही. वाड्याच्या मालकीचा दावा चालू आहे. इमारत पाडून नवी व्हायची आहे. एका घरी उत्तर मिळाले की आड उघडला तर शेजारच्या वस्तीतले लोकही येतील. बोलणाऱ्याच्या मनात काही दुष्टावा नव्हता, पाणी कमी पडेल एवढीच त्याची चिंता असावी. आम्ही ते वाक्य टिपून घेतले.

जुलैत पाऊस आला, धरणे भरू लागली आणि यथावकाश नळ पूर्ववत रोज येऊ लागले. पिंपे माळ्यावर गेली. आडांवरच्या फरश्या होत्या तशाच राहिल्या.